कोपराचं रफू

धाकट्या जावेने टोपलीतून दोन धागे ओढून काढले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक काळा, एक पांढरा. ताटं अजून उचलायची होती. थोरलीने भाजीचं पातेलं बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.

"हे बघ चिमणे," धाकटी म्हणाली, "रंग ओळखायची कळ या धाग्यात असते असं समज. बाईच्या अंगात असे दोन धागे. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. पुरुषाच्या अंगात एकच, आणि तो आईकडून."

धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची. शाळा सुटली तरी तिचं शिकवणं काही सुटायचं नाही, म्हणून एरवी घरात तिची थट्टा व्हायची. आज कुणी थट्टा केली नाही. चिमणी म्हणजे थोरलीची मुलगी. शिकून सवरून मोठी झाली तरी घरात तिचं नाव चिमणीच राहिलं होतं. रेल्वेच्या सिग्नलखात्यातली नोकरी तिच्या अगदी हातात आली होती, आणि डोळ्यांच्या तपासणीत घात झाला. रंगीत ठिपक्यांची पानं पुढे ठेवली, त्यात म्हणे आकडे होते. हिला नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, असा शेरा मारून तिला परत पाठवलं. तेव्हापासून पोरगी जेवायला बसायची, पण जेवायची नाही.

सासूबाईंनी त्याच दिवशी निकाल लावून टाकला होता.

"मामावर गेली. खाण तशी माती. आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं."

मामा म्हणजे थोरलीचा भाऊ. तो या बाबतीत प्रसिद्धच होता. घराच्या फाटकाला हिरवा रंग द्यायला निघाला, तपकिरी देऊन मोकळा झाला, आणि वर शेजाऱ्यांशी हुज्जत घालत बसला. त्यामुळे थोरलीला बोलायला तोंड नव्हतं. धाकटी आज तिचीच बाजू घ्यायला निघाली होती.

"आई, मामांना बोल लावून काय उपयोग? त्यांच्या अंगात एकच धागा. तो खराब निघाला, संपलं. ताईंकडेही तसा एक असणार, पण दुसरा चांगला आहे म्हणून त्यांना दिसतं." तिने काळा धागा चिमणीपुढे सरकवला. "आता हिला ताईंकडून हा खराब धागा आला. पण बाईमाणसाचं एका चांगल्या धाग्यावर भागतं. तरीही हिला दिसत नाही, म्हणजे दुसराही..."

तिचं बोट पांढऱ्या धाग्यावर होतं. ते तिथेच राहिलं.

"दुसराही काय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. असतात अपवाद."

"दुसरा कुणाकडून येतो म्हणालीस?"

धाकटीने धागे गोळा करायला घेतले. उत्तर द्यायची गरजच नव्हती. टेबलाच्या टोकाला चिमणीचा बाप जेवत बसला होता, आणि सगळ्यांच्या नजरा आपसूक तिकडे गेल्या. या माणसाला सबंध रस्ता 'नजरवाले' म्हणून ओळखत होता. त्याच्या डोळ्यांत दोष आहे म्हणणं म्हणजे सुताराला लाकूड ओळखता येत नाही म्हणण्यासारखं. मग बाप रंग ओळखणारा आणि मुलगी न ओळखणारी, याचा अर्थ काय?

नजरा त्याच्यावरून निघाल्या आणि एकेक करून थोरलीवर येऊन थांबल्या. दिराने तेवढ्यात पाण्याचा तांब्या उचलला. नवऱ्याने मान वर केली नाही. शेवटचा घास खाल्ला, हात धुतले आणि तो खाली दुकानात निघून गेला.

खाली दुकान आणि वर घर. दुकान रफूचं. विडीच्या ठिणगीने जळलेला कोट असो की कसरीने खाल्लेली शाल, नवरा त्याच कापडाच्या वळणाने धागा विणून भोक असं बुजवायचा, की नेणाऱ्यालाही जागा सापडू नये. सासरे म्हणायचे, सुई कुणीही चालवेल, रंग जुळवायला नजर लागते. म्हणून जाताना त्यांनी खिडकीतली खुर्ची थोरल्याला दिली आणि गल्ला धाकट्याला. त्या खुर्चीमागे रिळांचं कपाट होतं. उथळ खण, आणि त्यात रिळं एका ठरावीक क्रमाने. त्या क्रमाला घरच्यांनीदेखील हात लावायचा नाही, असा नियम होता. चिमणीने लहानपणी खेळता खेळता एक खण विस्कटला, तेव्हा कधी आवाज न चढवणारा हा माणूस असा ओरडला होता, की पोर घाबरून टेबलाखाली जाऊन बसली.

त्याची आणखी एक सवय होती. काम हातात घेतलं की तो खणातून दोन-तीन रिळं काढायचा, कापडावर ठेवायचा आणि शेजारी बसलेल्या बायकोला विचारायचा, "तुला कसा वाटतो?" ती म्हणायची, मधला, किंवा डावीकडचा. मग त्याची सुई चालू व्हायची. काम झालं की गळ्यात अडकवलेल्या छोट्या कात्रीने धाग्याचं टोक तीच कापायची. गिऱ्हाइकं हसायची. दीर चिडवायचा, "दादा वहिनीला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही." थोरली लटकंच रागवायची, पण मनातून सुखावायची. याला सगळं कळतं, तरी आपल्याला विचारतो, हा तिला आपला मान वाटायचा. माहेरी गेली की ती हे आवर्जून सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती एकटीच खाली आली. रात्रभर तिने एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला होता. आपण खोट्या नाही, हे तिला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. धाकटीचं शास्त्रही खोटं नसणार. मग उरतं काय? तिने तिसरा खण उघडला. गडद तपकिरी रीळ उचलून शेवाळी हिरव्याच्या जागी ठेवलं, आणि हिरवं तपकिरीच्या जागी. मग खण लावला.

पहिलं गिऱ्हाईक वकील होता. "तपकिरी कोट आहे, खिशापाशी जळलाय," तो म्हणाला. नवऱ्याने कोट मांडीवर घेतला, उजेडाकडे धरला, कापडाचं वळण पाहिलं. मग मागे वळून खणातल्या नेहमीच्या जागेवरून दोन रिळं काढली आणि कोटावर ठेवली. त्यातलं एक हिरवं होतं. तपकिरी कापडावर ते चिखलात पडलेल्या पानासारखं उठून दिसत होतं.

"तुला कसा वाटतो?" त्याने विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावर शंकेचं नाव नव्हतं. रोज असायचा तोच शांत, वाट पाहणारा चेहरा.

"दोन्ही नकोत," ती म्हणाली. "शेजारचं घ्या. हिरव्याच्या जागचं."

त्याने हातातल्या रिळाकडे पाहिलं. मग खणाकडे. मग तिच्याकडे. काही क्षण त्याचा हात हवेतच राहिला. मग त्याने तिने सांगितलेलं रीळ काढलं आणि सुईत धागा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला गेला.

"वा," वकील काम झाल्यावर म्हणाला, "नजर आहे बुवा तुमची."

थोरलीने कोटाची घडी करून त्याच्या हातात दिली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसलो आणि आपल्याला पत्ता नाही. थोरलीला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. ज्या एका प्रश्नावर ती आयुष्यभर मिरवत आली, तो मान नव्हताच. आंधळ्याला काठी लागते तशी ती त्याला लागत होती. तरी तिने मनाला समजावलं. आता त्याला कळलंय की आपल्याला कळलंय. आज संध्याकाळी जेवताना तो चार शब्द बोलेल आणि घर मोकळं होईल.

तो बोलला नाही. त्या संध्याकाळीही नाही आणि पुढेही नाही. त्याने तोंडात मिठाची गुळणीच धरली. इकडे घरातलं वारं फिरलं. सासूबाई तिच्या हातचा चहा घेईनाशा झाल्या, धाकटीने करून दिला तर घ्यायच्या. दीर समोर आला की काहीतरी शोधायला लागायचा. धाकटी बिचारी अपराध्यासारखी मागे मागे फिरायची.

"ताई, खरंच असतात अपवाद. हजारात एखादा. मी सांगते ना आईंना."

"नको," थोरली म्हणाली. "मला हजारातली एक नाही व्हायचं."

तिला एवढंच हवं होतं, की तिचं नाव होतं तसं स्वच्छ राहावं. आणि ते राखणं एका माणसाच्या हातात होतं. तिने स्वतः सांगितलं असतं तर? चोराच्या उलट्या बोंबा, असंच म्हटलं असतं सगळ्यांनी. आपलं झाकायला नवऱ्याच्या डोळ्यांवर उठली. आणि त्याने क्रमाने लावलेल्या खणातून रीळ काढून दाखवलं असतं, तर ती जन्माची खोटी ठरली असती.

एका दुपारी ती कपडे गोळा करून खोलीत आली, तर चिमणी आरशापुढे उभी होती. तिने अंगठा मागे वाकवून धरला होता. बापाचा अंगठा तसाच वाकायचा. ती अंगठा पाहत होती, मग कानाची पाळी, मग पुन्हा अंगठा. आई दिसताच तिने हात खाली घेतला.

"काकू शिकवते ते नेहमी खरं असतं ना गं, आई?"

"खरं असतं," थोरली म्हणाली. "आणि मी सांगते तेही खरं असतं. तू यांची आहेस."

चिमणीने मान हलवली. पण ती मान आईला बरं वाटावं म्हणून हलवलेली होती, हे आईला कळलं.

मग मात्र थोरलीने नवऱ्याला गच्चीवर गाठलं. तो धुतलेल्या घोंगड्या झटकत होता.

"कधी सांगणार आहात?"

तो घोंगडी झटकत राहिला.

"बाबांनी खुर्ची मला दिली," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "नजर आहे म्हणून दिली. ते असताना रंग तेच लावायचे, मला वाटायचं, कळेल हळूहळू. मग तू आलीस." तो थांबला. "रस्त्यावरचं एक माणूस तरी येईल का उद्या? थोडे दिवस जाऊ दे. लोक विसरतात."

"लोक कोण? ती तुमची आई आहे. ती तुमची मुलगी आहे. ती आरशात स्वतःचा अंगठा मोजते आहे."

त्याने पुढची घोंगडी उचलली.

"म्हणजे माझं नाव गेलं तरी चालेल, तुमची नजर राहिली पाहिजे."

"तसं नाही," तो म्हणाला, पण कसं आहे ते त्याला सांगता आलं नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. आडून आडून विचारायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"सूनबाई, खरं काय ते एकदा सांगून टाक. मी म्हातारी आहे, ऐकून घेईन."

"तुमच्या मुलाला विचारा," थोरली म्हणाली.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने घास तोंडात घातला आणि चावत राहिला. थोरली त्याच्या जबड्याकडे बघत होती. तो घास गिळायला त्याला फार वेळ लागला, आणि गिळल्यावर त्याने पाणी मागितलं. तिने पाणी दिलं. आयुष्यात एवढी एकटी ती कधी पडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात उतरली नाही. "माझी कंबर धरली आहे," एवढंच सांगितलं. खाली नवरा एकटा बसला. निळं, काळं, पांढरं काम करायचा. बाकीच्यांना सांगायचा, धागा शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात या. दिराला काही समजेना. कपाट रिळांनी भरलेलं, आणि दादा म्हणतो धागा नाही.

"वहिनी, कंबर कशी आहे?" त्याने जिन्यातून विचारलं. "दादाला तुमच्याशिवाय करमत नाही. काम परत पाठवतोय तो."

"त्यांना नजर आहे," थोरली वरून म्हणाली. "त्यांना माझी काय गरज?"

त्यानंतरच्या सुट्टीच्या सकाळी चहाच्या वेळी नवरा खालून वर आला. दुकान उशिरा उघडायचं होतं, घरात सगळे होते. त्याच्या एका हातात सुयांची डबी होती आणि दुसऱ्या हातात तपकिरी रंगाचा, त्याचा स्वतःचाच जुना कोट. उजव्या कोपराला कसर लागून भोक पडलं होतं. लोकांचे कोट दुरुस्त करता करता स्वतःचा राहून गेला होता. तो टेबलाशी बसला. खिशातून एक मूठ रिळं काढून त्याने टेबलावर पसरली. खणातली नाहीत, तळाच्या डब्यातली सुटी. त्यांना काही क्रम नव्हता.

त्याने एकेक रीळ कोटावर ठेवून पाहिलं आणि एक तिथेच राहू दिलं. सवयीने त्याची मान थोरलीकडे वळली, पण त्याने ती मध्येच थांबवली आणि चिमणीकडे वळवली.

"तुला कसा वाटतो?"

चिमणी गोंधळली. आजवर तिला कुणी रंग विचारला नव्हता, आणि शेराही ताजा होता.

"मला काय कळतंय बाबा? आईला विचारा."

"तुलाच विचारतोय. नीट बघ."

तिने वाकून पाहिलं. "अगदी तोच आहे," ती म्हणाली. "कापड कुठलं आणि धागा कुठला कळत नाही."

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला आणि त्याने धागा ओवला.

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. ते रीळ हिरवं होतं, सरळ सरळ हिरवं. दीर म्हणाला, "अरे दादा, हे..." धाकटीने त्याच्या दंडावर हात ठेवला. नवरा विणत होता. उभे धागे, मग आडवे, एकाखालून एकावरून, प्रत्येक टाका कापडाच्या वळणाने. चहा गार झाला. कुणी उठलं नाही. अशी नेटकी वीण तो नेहमीच करायचा, पण आज हात जरा सावकाश चालत होता.

झाल्यावर त्याने कोपर हाताने सपाट केलं आणि कोट टेबलाच्या मधोमध ठेवला. हिरवा चौकोन खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसला असता.

चिमणी पुढे झाली. तिने बाही उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, बोट फिरवलं.

"बाबा, भोक कुठे होतं?"

"मलाही सापडत नाही," तो म्हणाला.

चिमणीने मान वर केली. काकूचा चेहरा पाहिला, काकाचा पाहिला, आईचा पाहिला. मग पुन्हा बाहीकडे पाहिलं आणि पुन्हा बापाकडे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती हसतही होती. ती बापाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आजवर रंग हिने लावले," नवरा सासूबाईंकडे वळून म्हणाला. थोरलीकडे पाहायचं त्याला धाडस होत नव्हतं. "मी नुसती सुई चालवली. विचारायचो ते काही लाड म्हणून नाही. मला खरंच दिसत नव्हतं. तिला सांगायची मला लाज वाटली, आणि मग ती लाज तिच्या माथी मारली."

सासूबाईंनी हात लांब करून कोट ओढून घेतला. हिरव्या चौकोनावरून अंगठा फिरवला.

"माझे वडील मोजे घालायचे," शेवटी त्या म्हणाल्या, "एका पायात हिरवा, एका पायात तपकिरी. आम्ही पोरं हसायचो. आम्हाला वाटायचं, मुद्दाम करतात."

धाकटीला पुढचं सांगता आलं असतं. मुलाचा एकुलता एक धागा कुणाकडून येतो, हे तिने याच टेबलावर सांगितलं होतं. ती गप्प बसली. पण सासूबाईंना ते आठवत होतं. त्या आपल्याच हातांकडे पाहत होत्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "मला एक कप चहा करून दे. तुझ्या हातचा."

थोरलीने चहा केला, कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. तोवर नवऱ्याने तो कोट अंगात चढवला होता आणि दुकानाच्या किल्ल्या उचलल्या होत्या.

"असा खाली जाऊ नकोस दादा," दीर म्हणाला. "घरातल्या घरात कळलं, पुरे झालं. गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणू देत. घराबाहेरही चार लोकांनी ऐकलं असेल हिच्याबद्दल. त्यांना मी घरोघर जाऊन काय सांगू?"

तो जिन्यापाशी पोचला.

"थांबा," थोरली म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती. तिने गळ्यातली कात्री हातात घेतली आणि त्याचं कोपर धरून त्याला उजेडाकडे वळवलं. ती टाके उसवणार, असंच सगळ्यांना वाटलं. दिराने तर सुटकेचा निःश्वासही टाकला. नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने हात सैल सोडला.

चौकोनाच्या कडेला धाग्याचं एक टोक लोंबत होतं. ते कापायचं काम त्याचं कधीच नव्हतं. तिने ते अगदी कापडाशी लावून कापलं, बोटाने दाबून बसवलं, आणि वीण एकदा नीट पाहून घेतली.

"झालं," ती म्हणाली. "चला, तिसऱ्या खणात मी दोन रिळं अदलाबदल करून ठेवली आहेत. ती आधी लावते."

तिने कोपऱ्यातली धाग्यांची टोपली उचलली आणि ती त्याच्यापुढे जिना उतरू लागली.